टार्गेट फुल्ल, गोल गुल!

मार्च संपत आला की आमच्या ऑफिसात दोन गोष्टी हमखास होतात. एसी बिघडतो आणि एचआरचं मेल येतं. एसीवाला निदान दोन दिवसांत उगवतो. मेल मात्र डोक्याला शॉट देऊनच जातं. ‘सेल्फ अप्रेझल फॉर्म भरा, शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत.’ आणि त्या फॉर्मात शेजारीशेजारी मांडलेले चार रकाने : पर्पज ऑफ द रोल, ऑब्जेक्टिव्ह्ज, गोल्स, टार्गेट्स.

नोकरीतल्या पहिल्याच वर्षी शेजारच्या डेस्कवरच्या भिडूनं खुर्ची सरकवत मला विचारलं होतं, ‘‘यार, या चारांत फरक काय?’’

‘‘काही नाही रे. सगळ्यांचा अर्थ उद्दिष्ट. एक वाक्य बनव आणि चारदा पेस्ट मार.’’

त्यानं मारलं. मीही मारलं. दोघांनाही ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ मिळालं. मग काय, हाच आपला फंडा झाला. पुढची चार-पाच वर्षं मी तेच वाक्य वापरलं, फक्त साल बदलून. कोणी विचारलं नाही, कारण कोणी वाचलंच नाही. (तुम्हीही हेच करता. उगाच साळसूद चेहरा करू नका.)

लोचा झाला तो तीन वर्षांपूर्वी, मी टीम लीडर झाल्यावर. आता फॉर्म फक्त स्वतःचा नव्हता, टीममधल्या आठ जणांचाही मलाच भरायचा होता. आमचं प्रोसेस म्हणजे आरोग्य विम्याचा हेल्पडेस्क. लोक हॉस्पिटलच्या बिलांचे पैसे अडकले की आम्हाला फोन करतात. वरून आकडा आला होता : प्रत्येक कॉल सरासरी सहा मिनिटांच्या आत संपला पाहिजे. याला आमच्याकडे एएचटी म्हणतात, अ‍ॅव्हरेज हँडलिंग टाइम. मी सवयीप्रमाणे ‘सहा मिनिटांच्या आत कॉल पूर्ण करणे’ हे वाक्य आठही जणांच्या चारही रकान्यांत टाकलं. बत्तीस वेळा कंट्रोल व्ही. पाचच्या लोकलला मी प्लॅटफॉर्मवर होतो!

टीममध्ये दोन नमुने होते. एक ‘रॉकेट’. हा पठ्ठ्या पावणेचार मिनिटांत कॉल उरकायचा. दुसरी नागपूरची, म्हणून तिचं नाव आपोआप ‘ऑरेंज’ पडलं होतं. ही अकरा-अकरा मिनिटं बोलत बसायची. बोलायची म्हणजे काय, तर समोरच्या काकांना पेन आणायला लावायची. डिस्चार्ज समरी कुठल्या काउंटरवर मिळेल, फायनल बिलावर कोणाची सही लागेल, ओरिजिनल पाठवायच्या आधी झेरॉक्स काढून ठेवा, सगळं एकेक करून लिहून घ्यायला सांगायची. मग परत वाचून दाखवायला लावायची. मी तिला दोनदा सांगितलं, ‘‘अगं, आवर जरा. घड्याळ बघ.’’ ती ‘‘हो सर’’ म्हणायची आणि पुढच्या काकूंना पेन शोधायला लावायची.

पुढच्या मार्चमध्ये निकाल लागला. रॉकेटला ‘एक्सीड्स’, ऑरेंजला ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’. इन्क्रिमेंट शून्य आणि वर तीन महिन्यांचा सुधारणा कार्यक्रम. कॉर्पोरेटमध्ये त्याचा अर्थ काय असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

ती माझ्या केबिनमध्ये आली. (केबिन कसलं, तीन बाजूंनी पार्टिशन.) रडली नाही, भांडली नाही. हातात फॉर्मचं प्रिंटआउट होतं. पर्पजच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘सर, टार्गेटमध्ये सहा मिनिटं लिहिलंय, ते कळलं. मी चुकले. पण इथे पर्पजमध्ये पण सहा मिनिटंच लिहिलंय. म्हणजे मला इथे ठेवलंय कशासाठी? फोन बंद करायला?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी गेलो आणि आईला विचारलं.

आई निवृत्त शिक्षिका, आठवी ते दहावी इंग्रजी. मला वाटलं, ती डिक्शनरी काढेल. तिनं बी.एड.ची आठवण काढली. ‘‘आम्हाला पाठ टाचणात ध्येय आणि उद्दिष्ट एकाच ओळीत लिहिलं की मॅडम वही परत फेकायच्या. शिक्षणाचं ध्येय वेगळं, आजच्या तासाचं उद्दिष्ट वेगळं. पस्तीस मिनिटांत सुजाण नागरिक घडत नाही रे. पस्तीस मिनिटांत फार तर पॅसिव्ह व्हॉइस होतो.’’ मग मटार सोलता सोलता तिनं जे सांगितलं, ते मला एमबीएच्या दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ‘‘शब्दाचा अर्थ कळत नसेल तर त्याची संगत बघ. त्याच्याबरोबर क्रियापद कुठलं येतं ते बघ.’’

बघितलं. आणि बॉस, ट्यूब पेटली!

इंग्रजीत टार्गेट ‘हिट’ होतं किंवा ‘मिस’ होतं. मधलं काही नाही. गोल ‘रीच’ करतात, म्हणजे तिथवर चालत जावं लागतं. ऑब्जेक्टिव्ह ‘अचीव्ह’ होतं. पण पर्पज? पर्पज कोणी हिट करत नाही. पर्पज ‘सर्व्ह’ होतो, त्याची सेवा करावी लागते. तो कधी पूर्ण होऊन संपत नाही. आज सर्व्ह झाला, उद्या पुन्हा करायचा. आणि बिनसलं तर पर्पज ‘मिस’ होत नाही, तो ‘डिफीट’ होतो. हरतो. ‘इट डिफीट्स द पर्पज’ हे आपण मीटिंगमध्ये येताजाता फेकतो, पण त्यात काय दडलंय ते पाहत नाही. टार्गेट हिट होऊन पर्पज हरू शकतो, एकाच दिवशी, एकाच कॉलवर.

रॉकेटचं तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याचे कॉल ऐकले. त्याची युक्ती साधी होती. ‘‘सर, आपकी रिक्वेस्ट नोट कर ली है, चौबीस घंटे में कॉल आएगा,’’ थँक्यू, फोन बंद. चोवीस तासांत कोणाचाच कॉल जायचा नाही. मग तेच काका पुन्हा फोन करायचे. तिसऱ्यांदा करायचे. तिसऱ्यांदा तो कधी कधी ऑरेंजच्या वाट्याला यायचा, काका तोवर तापलेले असायचे आणि तिचे आणखी चार मिनिटं त्यांना शांत करण्यात जायचे. तीन कॉल गुणिले पावणेचार म्हणजे सव्वाअकरा मिनिटं. ऑरेंज एकाच कॉलला अकरा घ्यायची. कंपनीचाही पाव मिनिट वाचत होता! पण परत येणारे फोन मोजायला माझ्या फॉर्मात रकानाच नव्हता. होता खरं तर. मीच त्यात कंट्रोल व्ही मारलं होतं.

त्यानंतर मला या शब्दांचा नादच लागला. ‘टार्गेट’ हा शब्द मुळात ढालीचा. ‘टार्ज’ म्हणजे गोल ढाल आणि टार्गेट म्हणजे तिची धाकटी बहीण, छोटी ढाल. पुढे अठराव्या शतकात नेमबाजीच्या गोल चकतीला हे नाव मिळालं. जी वस्तू बाण अडवायची, तिच्यावरच बाण मारायला लागले. मार्च एंडला बँकेत काम करणाऱ्या मित्राचा चेहरा आठवा, पटेल.

‘एम’चं मूळ लॅटिनमधल्या अंदाज बांधण्याच्या क्रियापदात आहे. ‘एस्टिमेट’ त्याच घरातला. म्हणजे एम ही वस्तू नाही, ती नेम धरण्याची क्रिया आहे. नेम धरताना चुकायची मुभा असते. म्हणून तर शाळेत ‘माय एम इन लाइफ’ या निबंधात आपण बिनधास्त डॉक्टर होऊन गावात दवाखाना काढला होता आणि आज एक्सेलमध्ये पिव्होट टेबल लावतोय. कोणी आपल्यावर केस टाकली नाही. त्याच निबंधाचं नाव ‘माय टार्गेट इन लाइफ’ असतं तर?

‘ऑब्जेक्टिव्ह’ मात्र कडक शिस्तीचा शब्द. लॅटिनमध्ये मूळ अर्थ पुढ्यात टाकलेलं. लष्करात ऑब्जेक्टिव्ह म्हणजे ही टेकडी, हा पूल. ताब्यात घ्यायचा, मग पुढचं बोला. 1954 मध्ये पीटर ड्रकर यांनी ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ या पुस्तकात ऑब्जेक्टिव्ह ठरवून व्यवस्थापन करायची कल्पना मांडली आणि हा शब्द ऑफिसात ठाण मांडून बसला. 1981 मध्ये जॉर्ज डोरन यांनी ‘मॅनेजमेंट रिव्ह्यू’ मासिकात तो सुप्रसिद्ध ‘स्मार्ट’ फॉर्म्युला दिला. तुमच्या ट्रेनिंगमध्ये त्यातल्या ‘ए’चा अर्थ अचीव्हेबल सांगितला असेल. डोरन यांच्या मूळ लेखात तो ‘असाइनेबल’ होता, म्हणजे हे काम कोणाच्या नावावर आहे ते ठरवा. हळूच ते ‘कोण’ गळालं आणि ‘जमेल ना?’ उरलं. ऑफिसातल्या राजकारणाचा अख्खा इतिहास या एका अक्षरात आहे, असं माझं प्रामाणिक मत.

आणि हो, रेझ्युमेवरचं ते ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’! चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट, डायनॅमिक ऑर्गनायझेशन, ग्रो विथ द कंपनी... कॅम्पस इंटरव्ह्यूच्या काळात आमच्या अख्ख्या बॅचची टेकडी एकच होती. साठ जण तीच जिंकायला निघाले होते.

मराठीत आपण या सगळ्यांना ‘उद्दिष्ट’ची एकच चादर घालतो. खरं तर आपल्याकडे कपाट भरलेलं आहे. उद्दिष्ट म्हणजे बोट दाखवून सांगितलेलं. म्हणजे ऑब्जेक्टिव्हला अगदी फिट्ट, कारण कोणीतरी बोट दाखवणारा हवा, तो सहसा बॉस असतो. लक्ष्य म्हणजे जिथे नजर लागली ते. अर्जुनाला झाड दिसलं नाही, फांदी दिसली नाही, पक्ष्याचा डोळा दिसला. धनुर्विद्येच्या परीक्षेत हे शंभर टक्के बरोबर. पण हेल्पडेस्कवर बसलेल्या माणसाला झाड दिसलंच पाहिजे ना यार! ध्येय म्हणजे ज्याचं ध्यान करावं ते. म्हणून कोणी ‘या आठवड्याचं ध्येय’ असं स्लाइडवर लिहिलं की मला एकदम पद्मासन घालावंसं वाटतं. आणि पर्पजसाठी आहे ‘प्रयोजन’. आज तो शब्द आपण फक्त नको असलेल्या पाहुण्याला विचारताना वापरतो, ‘येण्याचं प्रयोजन?’ पण न्यायदर्शनात ज्या सोळा पदार्थांचा विचार केलाय, त्यांत प्रयोजनाला स्वतंत्र जागा आहे. वाद घालण्याआधी कशासाठी घालतोय ते सांगा, असा हिशेब. आमच्या सोमवारच्या मीटिंगला हा नियम लावला तर ती पाच मिनिटांत संपेल. एएचटी एकदम झकास!

आणखी एक गंमत. वस्तूला पर्पज असतो, पण गोल नसतो. मिक्सरला पर्पज आहे, चटणी वाटणे. मिक्सर ‘यंदा आपण बढती घ्यायची’ असं ठरवत नाही. गोल ठरवायला माणूस लागतो. आणि माणसाकडे जेव्हा फक्त टार्गेट उरतं तेव्हा तो मिक्सरपेक्षाही खाली जातो, कारण मिक्सरला निदान चटणी माहीत असते.

हे सगळं शब्दांचे खेळ वाटत असतील तर माझ्या मावसभावाला भेटा. तो फौजदारी वकील. त्याच्या धंद्यात कॉपी-पेस्ट केलं तर माणूस आत जातो. जुन्या इंडियन पीनल कोडमध्ये कलम 34 होतं ‘कॉमन इन्टेन्शन’चं आणि कलम 149 ‘कॉमन ऑब्जेक्ट’चं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ही दोन्ही कलमं आहेत, 3(5) आणि 190 या नव्या नंबरांनी, आणि फरकही जसाच्या तसा. इन्टेन्शनसाठी दोघं जण पुरेत, पण त्यांची मनं आधी जुळलेली असायला हवीत. ती जुळणी अगदी ऐन वेळेचीही चालते, पण सिद्ध करावी लागते. ऑब्जेक्टसाठी बेकायदा जमाव हवा, किमान पाच जणांचा. तिथे आधीचं ठरवाठरवीचं बोलणं सिद्ध करायची गरज नाही. समजा, पाच जण काठ्या घेऊन कोणाच्या शेताचा ताबा घ्यायला निघाले. ऑब्जेक्ट एकच, शेत. त्यातल्या एकानं कोणालाही न सांगता चाकू नेला आणि चालवला. खून करायचं इन्टेन्शन त्याचं एकट्याचं. मग बाकीचे चौघं? कोर्टात अख्खी लढाई यावर होते की, असं काही घडू शकतं हे त्या चौघांना माहीत होतं का. दोन शब्दांमधल्या फटीत चार माणसांची आयुष्यं. आणि आपल्या पेपरात मात्र मोटिव्हलाही ‘हेतू’, इन्टेन्शनलाही ‘हेतू’. मोटिव्ह म्हणजे का मारावंसं वाटलं, इन्टेन्शन म्हणजे मारायचंच होतं का. मावसभाऊ म्हणतो, ‘‘दोन्हीला हेतू म्हणणाऱ्या साक्षीदाराला मी उलटतपासणीत पाणी मागायला लावतो.’’

टार्गेटनं पर्पजला हरवल्याची सगळ्यात वाईट आठवण तर आपल्याच देशाची आहे. कुटुंब नियोजनामागे विचार होता लोकांच्या आरोग्याचा, पोटभर खाण्याचा. आणीबाणीत त्याचं टार्गेट झालं. शिक्षकांनाही नसबंदीच्या ‘केसेस’ आणायचे कोटे मिळाले. 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. टार्गेट हिट. पण लोक सरकारी दवाखान्याची गाडी दिसली की शेतात पळायला लागले. पुढे एप्रिल 1996 मध्ये केंद्र सरकारनं कुटुंब नियोजनाच्या पद्धतींची वरून ठरवून दिलेली टार्गेट्स काढून टाकली. त्या धोरणाचं नावच होतं ‘टार्गेट फ्री अ‍ॅप्रोच’. एक शब्द कागदावरून काढायला वीस वर्षं लागली.

मला माझा शब्द काढायला तेवढीही सोय नव्हती. मी एचआरकडे गेलो. म्हणालो, चूक माझी आहे, रकाने मी चुकीचे भरले, तिचं रेटिंग बदला. ‘‘फॉर्म फ्रीझ झालाय,’’ उत्तर आलं. मी परत येणाऱ्या फोनांचा तक्ता करून वर पाठवला. बॉस म्हणाले, ‘‘गुड ऑब्झर्वेशन. पुढच्या वर्षी बघू.’’ तीन महिन्यांचा तो सुधारणा कार्यक्रम तेवढा रद्द करून घेतला. इन्क्रिमेंट शून्यच राहिलं. तिला सगळं सांगितलं, सॉरीही म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘ठीक आहे सर.’’ तिचं ते ‘ठीक आहे’ मला रेटिंगसारखंच वाटलं.

दोन महिन्यांनी तिनं राजीनामा दिला. आता ती नागपुरात एका हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या नातेवाइकांना विम्याचे कागद समजावून सांगते. परवा फोनवर म्हणाली, टेबलावर पेनांचा डबाच ठेवलाय.

इकडे एसी पुन्हा बिघडलाय. यंदा एचआरनं नवं पोर्टल आणलंय, पण रकाने तेच चार. शेजारच्या डेस्कवर आता नवी मुलगी आहे. तिनं खुर्ची सरकवून विचारलंच, ‘‘सर, या चारांत फरक काय?’’ मी म्हटलं, ‘‘जेवणानंतर बस, अर्धा तास लागेल.’’ मग आधी स्वतःचा फॉर्म उघडला. टार्गेटमध्ये सहा मिनिटं टाकली, ती टाकावीच लागतात. गोलमध्ये लिहिलं, वर्षअखेरपर्यंत परत येणारे फोन निम्म्यावर आणणे. ऑब्जेक्टिव्हमध्ये, प्रत्येक कॉलनंतर कागदांची यादी मेसेजनं पाठवणे. आणि पर्पजमध्ये बराच वेळ विचार करून टाइप केलं : ‘आजारी माणसाच्या घरच्यांना एकाच कामासाठी दोनदा फोन करावा लागू नये.’

सेव्ह दाबलं. लाल अक्षरं आली. या रकान्यात फक्त आकडे चालतात म्हणे.

एचआरच्या हेल्पलाइनला फोन लावलाय. चोवीस तासांत कॉलबॅक येईल, असं सांगून त्यांनी एकदा कापलाय. आता दुसऱ्यांदा लावलाय. होल्डवर आहे. नववं मिनिट.